हुरडा मला सोसत नाही

"हुरडा मला सोसत नाही." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की आता ते मला बोलावंही लागत नाही. पौष लागला, जोंधळ्याची कणसं दुधाळली, की कुणाकुणाची आमंत्रणं येतात आणि बायको परस्पर सांगून टाकते, "ह्यांना सोसत नाही हो, पोट धरतं." सुनेनं एकदा डॉक्टरांनाही तसं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

खोटं आहे ते. हुरड्यानं माझं पोट कधी दुखलेलं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो ते वयाच्या सोळाव्या वर्षी, यष्टीत, एका म्हातारीला. त्याआधी थोडाच वेळ, त्याच यष्टीच्या खिडकीतून, मी आणखी एक खोटं बोललो होतो. ते मोठं होतं. ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वडील असेपर्यंत त्यांना काय वाटेल म्हणून थांबलो. मग नोकरी संपली की निवांत लिहू म्हणालो. नोकरी संपूनही बरीच वर्षं झाली. आता ज्यांना ते सांगायला हवं होतं त्यांतलं कुणीच उरलेलं नाही आणि आता मला धीर आला आहे. हा धीर कोणत्या लायकीचा आहे ते मला कळतं.

परवा नातीनं हुरडा आणला. आमच्या परभणीच्या बाहेर रस्त्याकडेला हल्ली हुरड्याचे मंडप लागतात. मोटारींतून माणसं येतात, बैलगाडीत बसून फोटो काढतात, एका ठिकाणी तर उंटही आणून उभा केला होता. नातीनं डब्यातला मूठभर हुरडा तळहातावर घेतला आणि हात माझ्यापुढं धरला. "आबा, एकच घास. काही होत नाही." हिरवे, किंचित सुरकुतलेले, धुराचा वास असलेले दाणे. मी तिच्या तळहाताकडं बघत राहिलो आणि नेहमीचं वाक्य बोललो. ती हिरमुसून आत गेली. रात्रभर मला तो हात दिसत राहिला. पण तो नातीचा नव्हता.

त्या वर्षी पावसाळ्यात मराठवाडा पेटला होता. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि ते बदलू नये म्हणून माणसांची घरं जाळली गेली. मी अकरावीत होतो. परभणीच्या रस्त्यावर मोर्चा निघाला तेव्हा मीही त्यात होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. कुणाचं नाव, का नको, असं कुणी मला बाजूला घेऊन विचारलं असतं तर मला धड दोन वाक्यं सांगता आली नसती. पण सगळे ओरडत होते आणि सगळ्यांबरोबर ओरडताना फार बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. मला फार बरं वाटलं होतं.

पावसाळा सरला. काळ्या रानात जोंधळा पेरला गेला, उगवला, डोक्याएवढा झाला. जळालेल्या घरांच्या राखेवरून तेच वारं त्याच जोंधळ्यात शिरलं. जोंधळ्याला काही कळत नाही. त्या वर्षी पीक चांगलं होतं. थंडीही भरपूर पडली. सकाळी हरभऱ्यातून चालत गेलं की पायांना आंब, म्हणजे पाल्यावरचं आंबट दव, लागायची, दिवसभर कातडी चुरचुरायची. करडई बांधाबांधांवर पिवळी होत होती.

आमच्या घरात एक रीत होती. गावाकडं माझ्या आज्जाचे थोरले भाऊ होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. त्यांची बहीण गयाबाई, म्हणजे माझी आत्याआज्जी, बोरीच्या पुढं एका गावात दिलेली होती. हुरड्याच्या दिवसांत दादांच्या रानातली पहिली कणसं बहिणीला जायची. माहेरचा वानोळा. दोघंही सत्तरीच्या पुढं गेलेली, पण त्या कणसांत खंड पडला नव्हता. ती पोचवायचं काम वडिलांचं होतं. त्या वर्षी वडिलांना कचेरीतून रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी मोंढ्यावर धान्य घालायला आलेला दादांचा माणूस कणसांचं पोतं आमच्या ओसरीवर टाकून गेला होता. वडील मला म्हणाले, "दिगू, उद्या तू जा. आधी आत्याकडं कणसं दे, मग तसाच पुढं दादांकडं जा. दोघांची खुशाली इचार, सांगावा असंल तर नीट ऐकून पोचव आणि चारच्या गाडीनं परत ये."

सांगावा म्हणजे तोंडी निरोप. दादांना सहीपुरतं लिहिता यायचं, आत्याआज्जीला तेवढंही नाही. त्यांची सगळी बोलणी माणसांच्या तोंडून व्हायची. जो माणूस सांगावा नेतो त्यानं त्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही, एवढाच नियम. त्या नियमावर भाऊ-बहिणीचं नातं पन्नास-साठ वर्षं चाललं होतं.

फाट्यावर उतरून मी पोतं खांद्यावर घेतलं. आत्याआज्जी घरी नव्हती, आखाड्यात होती. आखाडा म्हणजे शेतातला गोठा, कडब्याची गंज, दोन खोल्या. तिथं गवऱ्यांची आगटी पेटलेली होती आणि तिच्याजवळ आणखी एक म्हातारी बसली होती. काळी, सडपातळ, कपाळावर मोठं गोंदण. तिनं माझ्या खांद्यावरचं पोतं पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत एक कणीस ओढून नाकाला लावलं.

"चिंचखालच्या तुकड्यातलं हाय," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय गं?" आत्याआज्जी हसली. "माहेरचं कुत्रं बी गोड लागतंय हिला."

"कळतंय म्हंजी? त्या बांधावर मी पाखरं राखली. गोफण मारून मारून हात गळून जायचा. तू तवा उतरंडीआड बसून गूळ खायलीस."

ती शेवंता. ती आणि आत्याआज्जी एकाच गावच्या लेकी. लग्नं वेगवेगळ्या साली झाली, पण दोघी याच गावात येऊन पडल्या. एक वरच्या आळीत, दुसरी दलित वस्तीत. माहेरचा वानोळा आला की आत्याआज्जी त्यातली अर्धी कणसं शेवंताला द्यायची. हे मला त्या दिवशी कळलं. "तिचं बी माहेर हाय ते," आत्याआज्जी म्हणाली. दादाही साडीचोळी धाडताना दोन धाडायचे. दुसरी जरा हलकी असायची, पण असायची.

पावसाळ्यात शेवंताची वस्ती जळाली. पोलीस आले तेव्हा गावानं एकजात सांगितलं की आम्ही शेतावर होतो. भर पावसात, रात्री, सगळं गाव शेतावर होतं म्हणे. वस्तीतली माणसं पांगली. शेवंताचा मुलगा टोळीबरोबर ऊस तोडायला गेला, तो पाडव्याला येणार होता. तोवर आत्याआज्जीनं तिला आखाड्यात ठेवलं होतं.

"आखाड्यात ठिवलं, घरात न्हाई," शेवंता मला म्हणाली. ती हे हसत म्हणाली, पण आत्याआज्जीनं मान खाली घातली.

शेवंता कणसं आगटीत खुपसत होती, फिरवत होती, बाहेर काढून तळहातांत चोळत होती, फुंकर मारून कोंडा उडवत होती. तिच्या हातांना चटका बसत नव्हता असं वाटायचं. चोळलेला हुरडा तिनं माझ्यापुढं धरला. मी इकडंतिकडं पाहिलं. रानात आम्ही तिघंच होतो. मी तिच्या तळहातावरून घेऊन खाल्ला. गरम, दुधाळ, गोड. लसणाची चटणी होती, दही होतं. मी पुन्हा हात पुढं केला, तिनं पुन्हा दिला. तिच्या हातचा हुरडा मी पोटभर खाल्ला. पुढं जे झालं त्यासाठी हे ध्यानात ठेवावं लागेल.

मग आत्याआज्जीनं मला समोर बसवलं. गावानं तिच्या मुलाला निर्वाणीचं सांगितलं होतं. शेवंता आखाड्यात राहिली तर जोंधळा काढायला एक माणूस येणार नाही, पीक उभं वाळेल. मुलानं आईला आजचा दिवस दिला होता.

"दादाला सांग," ती म्हणाली. "शेवंता गावची लेक हाय. पाडव्यापतोर तिला तुमच्या आखाड्यात ठाव द्या. पाडव्याला तिचं पोरगं येऊन घेऊन जाईल. म्हन बरं."

मी म्हटलं.

"आनि म्हनावं, आयतं खानार न्हाई," शेवंता म्हणाली. "पाखरं राखीन. चिंचखालच्या तुकड्यातली."

मी तेही म्हटलं. आत्याआज्जीनं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तीनही वेळा एक शब्द चुकला नाही. हुशार होतो मी. "चारच्या गाडीला आमी फाट्यावर उभ्या ऱ्हातो," ती म्हणाली. "तू खिडकीतून सांग. दादा हो म्हनला की सांजच्या गाडीनं हिला तिकडं धाडते." शेवंतानं तोवर गाठोडं बांधायलाही घेतलं होतं.

दादांच्या रानातही आगटी पेटली होती. तिथं मात्र माणसं होती. माझे दोन चुलतभाऊ, गावातली दहाएक पोरं, कुणी जिंतूरला शिकणारी. मला पाहताच एकानं आरोळी दिली, "आले, परभणीचे पुढारी आले! मोर्च्यात लय पुढं हुतास म्हनं?" सगळे हसले, सरकून मला मधे जागा दिली. कुणीतरी पाठीवर थाप मारली. बोलणी तीच चालली होती, कोणत्या गावात काय झालं, कोण कसं पळालं. दादा थोडे दूर, बाजेवर, घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. ते त्या बोलण्यात नव्हते.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "दिगंबर, गया काय म्हनती? सांगावा काय?"

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. मी जे बोलणार ते आगटीपर्यंत जाणार होतं. पोरं गप्प होऊन माझ्याकडं बघत होती. मी आतापर्यंत त्यांचा पुढारी होतो.

"काही नाही," मी ओरडून सांगितलं. "बरी आहे. वानोळा गोड लागला म्हणाली."

"बस?"

"बस."

दादांनी मान हलवली. त्यांना काहीतरी कमी वाटलं असावं, कारण ते थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिले. मला भीती वाटली होती, एवढंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. पण नुसती भीती नव्हती. त्या पोरांच्या मधली ती जागा मला सोडवत नव्हती.

चारच्या गाडीत बसताना वाटलं, फाट्यावर सांगू की दादा भेटले नाहीत. मग वाटलं, सांगू की विचारायचं राहून गेलं, उद्या वडिलांना धाडतो. पण आगटीवरची दोन पोरं त्याच गाडीत, माझ्याच मागच्या बाकावर चढली. फाटा आला. त्या दोघी मैलाच्या दगडाजवळ उभ्या होत्या. आत्याआज्जीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, माहेरी जाताना नेसतात तसं. शेवंताच्या काखेत गाठोडं. गाडी थांबली.

"काय म्हनला रे दादा?" आत्याआज्जी खिडकीखाली आली.

मागचा एक जण पुढं वाकला. "कशाबद्दल गं आज्जी?"

मी घाईघाईनं, त्याच्या वरचढ आवाजात म्हणालो, "दादा नाही म्हणाले."

बस, एवढंच. तीन शब्द. आत्याआज्जी खिडकीचा गज धरून उभी राहिली. "दादा?" ती म्हणाली. "दादा न्हाई म्हनला?" मी मान हलवली.

"चल, आखाड्यात चल," ती शेवंताला म्हणाली. "बघते कोन काढतंय तुला."

"नगं गयाबाई," शेवंता म्हणाली. "तुझा जोंधळा रानात वाळंल. बरं झालं, कळलं तरी. सासर बी झालं, आता माहेर बी झालं." आणि ती त्याच गाडीत चढली. परभणीत ठेसनाकडं तिच्या कुणा दूरच्या नात्यातलं घर होतं.

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती दारातून माझ्याकडं येताना दिसली तेव्हा मी माझी पिशवी त्या जागेवर ठेवली. तिनं ती पिशवी पाहिली आणि पुढं जाऊन आपल्याच गाठोड्यावर खाली बसली. बोरी गेलं. मागचे दोघं अजून बसलेलेच होते. बरंच अंतर गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. तिच्या वाटणीचा हुरडा होता. मूठभर तळहातावर घेऊन तिनं हात माझ्याकडं लांबवला.

"खा लेकरा. दिवसभर फिरलास."

गाडीतली माणसं बघत होती. मी म्हणालो, "मला सोसत नाही हुरडा."

तिचा हात तसाच राहिला. मग ती अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाळी तर सोसला की."

परभणीच्या स्टॅन्डवर तिनं मला ठेसनाची वाट विचारली. मी बोट दाखवलं आणि दुसऱ्या बाजूनं घरी आलो. वडिलांनी विचारलं, सांगावा काही? मी म्हणालो, काही नाही.

पुढच्या हुरड्याला वडील कणसं घेऊन गेले. आत्याआज्जीनं पोतं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माझं माहेर संपलं," एवढंच ती बोलली. का, ते सांगितलं नाही. भावानं गावच्या लेकीला दार लावलं हे भाच्याला सांगणंही तिला कमीपणाचं वाटलं असणार. दादांनी दोन वर्षं माणसं धाडली, मग थांबले. एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "त्याआधी शेवटी तू गेलतास गयाकडं. तिनं माझं तोंड कामून टाकलं रे? माझं काय चुकलं?" मी म्हणालो, मला काय माहीत. ते गेले तेव्हा बहीण मौतीला आली नाही. गावानं तिला नावं ठेवली. दोन वर्षांनी तीही गेली. आमच्या घराण्यात अजून सांगतात, म्हातारी फार खुनशी होती.

ती खुनशी नव्हती. हे मला लिहून ठेवायचं आहे. आणि दादांनी कुणाला दार लावलं नव्हतं, कारण त्यांच्या दारापर्यंत मी कुणाला जाऊच दिलं नव्हतं. ते काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही. त्यांच्या गावात त्या पावसाळ्यात काही जळालं नाही. दादा रात्रभर वस्तीच्या तोंडाशी बाज टाकून बसले होते, असं काही जण सांगतात. त्यांच्याच घरातली पोरं शेजारच्या गावात जाऊन आली, असंही सांगतात. कदाचित ते नाहीच म्हणाले असते. पण मग ते 'नाही' त्यांचं असतं.

मी मास्तर झालो. वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवलं. दरवर्षी जोंधळा हुरड्याला यायचा आणि माझं पोट दुखायचं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला ते नाव मिळालं. इतकी माणसं उठवून, इतकी वर्षं घालवून, नावही पुरतं नाही, जुन्याला जोडून. त्याच आठवड्यात मी मोंढ्यावरून चार कणसं विकत घेतली, भाजून, चोळून पुडी बांधली आणि ठेसनामागच्या वस्तीत गेलो. शेवंताचा मुलगा तिथं राहतो हे मला फार आधीपासून ठाऊक होतं. सगळी गल्ली निळ्या पताकांनी भरली होती, पोरं पेढे वाटत होती. शेवंता दारात पोत्यावर बसली होती. डोळे गेले होते.

"कोन हाय?"

मी गावाचं नाव सांगितलं, स्वतःचं नाही. तिचा चेहरा उजळला. "माझ्या माहेरचा? बस, बस. गं सूनबाई, च्या ठिव." मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं वास घेतला. "हे आमच्या रानातलं न्हाई," ती म्हणाली. "पर आनलास, बरं केलंस." मग मूठभर तळहातावर घेतला आणि अंदाजानं माझ्याकडं हात केला. "तू बी घे."

मला सवय झाली होती हो. पंधरा वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघून गेलं, "मला सोसत नाही."

ती थांबली. बाहेर हलगी वाजत होती. तिनं मान तिरकी केली, पुन्हा माझा आवाज यायची वाट बघत असावी तशी.

"दिगू व्हय? गयाबाईचा?"

"हो."

"मोठा झालास." तिनं हात मागं घेतला नाही. "तू लाजून बसत जाऊ नगस माझ्यापुढं. तुझा काय दोष? दादांनी न्हाई म्हनलं, तू सांगावा आनलास. सांगावा आननाराचा काय गुन्हा?"

बोलायची तीच वेळ होती. तिनं दार उघडून धरलं होतं. सूनबाईनं चहा आणला, मी तो प्यायलो, कप खाली ठेवला, येतो म्हणालो. पुढच्या हुरड्यापर्यंत शेवंता राहिली नाही.

जे वाक्य मी तिच्याकडं जाताना सबंध वाट घोकत गेलो होतो, एक शब्द चुकू नये म्हणून तीन-तीनदा म्हटलं होतं, ते असं होतं: शेवंतामावशी, दादा नाही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते 'नाही' माझं होतं. मला माफ कर.